गुप्तरोगाला गुप्त न ठेवणारा प्राध्यापक

गरमी, परमा, चट्टा, बद. या आजारांना मराठीत शब्द होते; पण ते चारचौघांत उच्चारण्याची सोय नव्हती. वैद्याकडे गेलेला रुग्ण ते कुजबुजत सांगे आणि भिंतीवरच्या जाहिराती त्यांना ‘गुप्तरोग’ या एकाच शब्दाच्या पडद्याआड लपवीत. घरात हे शब्द कधी येत नसत, आजार मात्र येई. नवऱ्याकडून तो बायकोला होई आणि बायकोकडून पोटातल्या बाळाला. अशा काळात रघुनाथ धोंडो कर्वे या गणिताच्या प्राध्यापकाने ‘गुप्त रोगांपासून बचाव’ या नावाचे पुस्तक मराठीत लिहिले आणि त्यावर स्वतःचे नाव घातले. संततिनियमनाचे आद्य प्रवर्तक म्हणून र. धों. कर्वे महाराष्ट्राला परिचित आहेत. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांविषयी त्यांनी केलेले काम तुलनेने विस्मरणात गेले. वास्तविक ही दोन्ही कामे त्यांच्या लेखी एकच होती. शरीराविषयीचे अज्ञान माणसाला छळते आणि ते ज्ञानानेच दूर होते, या एका विश्वासावर ती उभी होती.

कर्वे डॉक्टर नव्हते. त्यांनी कोणतेही औषध शोधले नाही. तरीही गुप्तरोगाच्या निदानातील आणि उपचारातील पहिला अडथळा त्यांनी अचूक हेरला होता. तो अडथळा लाजेचा होता.

पुण्यातील जडणघडण

१४ जानेवारी १८८२ रोजी कोकणात मुरूड येथे रघुनाथ यांचा जन्म झाला. वडील धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्यासाठी पुण्याला आले. त्याच वर्षी रघुनाथ यांच्या आई राधाबाई बाळंतपणात मरण पावल्या. त्या वेळी रघुनाथ नऊ वर्षांचे होते. स्त्रीच्या शरीरावर लादलेल्या मातृत्वाचा प्रश्न पुढे त्यांच्या आयुष्याचा विषय झाला, त्याची पहिली जखम कदाचित याच वयात झाली असावी.

दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. मुरूडकरांनी या विवाहाबद्दल कर्वे कुटुंबावर बहिष्कार टाकला. वडिलांनी हा बहिष्कार सोसला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे हिंगण्याच्या माळरानावर स्त्रीशिक्षणाची संस्था उभी केली. समाजाला न रुचणारे काम करायचे तर त्याची किंमत मोजावी लागते, हा धडा रघुनाथ यांना घरातच मिळाला.

बुद्धीने ते विलक्षण तल्लख होते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ मध्ये मॅट्रिकची परीक्षा देताना ते पहिले आले. १९०४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि गणिताच्या अध्यापनाकडे वळले. गणिताची शिस्त त्यांच्या विचारात कायम राहिली. गृहीत चुकीचे असेल तर उत्तर चुकणारच, मग ते गृहीत धर्माने दिलेले असो वा रूढीने, अशी त्यांची धारणा होती. १९११ मध्ये त्यांचा विवाह झाला. पत्नी मालतीबाई त्यांच्या साऱ्या कामात अखेरपर्यंत भागीदार राहिल्या. मूल होऊ द्यायचे नाही, असा निर्णय या दाम्पत्याने घेतला आणि त्यासाठी कर्वे यांनी स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतली. लोकांना सांगायचे ते आधी स्वतः करायचे, हा त्यांचा बाणा होता.

पॅरिसचे दिवस आणि रोगाचे बदलते चित्र

१९१९ मध्ये कर्वे गणिताच्या उच्च शिक्षणासाठी पॅरिसला गेले. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. युद्धात बंदुकीच्या गोळीखेरीज आणखी एका शत्रूने सैन्ये पोखरली होती आणि तो शत्रू म्हणजे उपदंश व परमा. आजवर पाप समजल्या गेलेल्या या विकारांकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहणे युरोपातील सरकारांना भाग पडले. रोग टाळण्याच्या साधनांची चर्चा तेथे उघडपणे होऊ लागली होती. फ्रेंच भाषा अवगत असलेल्या कर्वे यांना या वाङ्मयाचे दार उघडे होते.

त्याआधीची काही वर्षे या रोगांच्या अभ्यासात मोठ्या उलथापालथीची होती. शतकानुशतके उपदंशावर पारा हाच उपाय मानला जाई. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी ‘भावप्रकाश’ या ग्रंथात या व्याधीला फिरंग रोग म्हटले आणि त्यावर पारा व चोपचिनी यांचे उपचार सांगितले. परदेशी लोकांच्या संसर्गातून हा रोग आला, ही समजूत त्या नावातच आहे. पाऱ्याने दात हलत, तोंडातून लाळ गळत राही आणि मूत्रपिंडे निकामी होत. रोगाने किती रुग्ण दगावले आणि औषधाने किती, हे सांगणे अवघड होते.

१८८९ मध्ये इटलीतील ऑगस्तो डुक्रे यांनी मृदू व्रणाचा जंतू ओळखला. १९०५ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ शाउडिन आणि एरिक हॉफमन यांना उपदंशाच्या व्रणात मळसूत्रासारखा पीळदार जंतू दिसला. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनी आणखी एका प्रकारच्या व्रणातील सूक्ष्म कणांचा शोध लावला. तो रोग आज डोनोव्हॅनोसिस या नावाने ओळखला जातो. १९०६ मध्ये ऑगस्ट वासरमन यांची रक्ततपासणी आली. व्रण भरून गेला तरी रोग शरीरात दडून आहे की नाही, हे प्रथमच कळू लागले. १९१० मध्ये पाउल एर्लिख आणि त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांनी शोधलेले साल्वर्सन हे सोमलयुक्त औषध बाजारात आले. तपासलेल्या संयुगांत त्याचा क्रमांक ६०६ होता आणि त्याच आकड्याने ते जगभर गाजले.

कर्वे यांच्या दृष्टीने आणखी एक प्रयोग महत्त्वाचा ठरावा असा होता. ते ज्या पॅरिसमध्ये गेले, तेथील पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ आणि एमिल रू यांनी १९०६ मध्ये दाखवून दिले होते, की संसर्गानंतर थोड्या वेळात पाऱ्याचे मलम चोळल्यास उपदंश टाळता येतो. या शोधाचे स्वागत व्हावे तसे झाले नाही. रोगाची भीती नाहीशी झाली तर माणसे अनीतीने वागू लागतील, असा आक्षेप युरोपातही घेतला गेला. आजार बरा करण्यास हरकत नव्हती. तो टाळण्याचा मार्ग सांगणे मात्र अनेकांना अनैतिक वाटे. कर्वे यांचा सारा संघर्ष पुढे याच आक्षेपाशी झाला.

नोकरी की कार्य

पॅरिसहून परतल्यावर १९२१ मध्ये कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले प्रसिद्ध केंद्र उघडले होते. म्हणजे या विषयात मुंबई लंडनच्या मागे नव्हती. १९२३ मध्ये त्यांचे संततिनियमनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. गर्भधारणा रोखणारे रबरी आवरण रोगालाही रोखते, त्यामुळे या विषयाला गुप्तरोगांचा विषय आपोआप जोडला गेला. दोन्ही ठिकाणी विरोधकांचे म्हणणेही एकच होते. परिणामांचे भय गेले तर संयम सुटेल, असे ते म्हणत. भयावर उभी राहिलेली नीती ही नीतीच नव्हे, अशी कर्वे यांची भूमिका होती. शिवाय या भयाची शिक्षा बहुतेक वेळा निरपराध पत्नीला आणि जन्माला यायच्या मुलाला होते, हे त्यांना दिसत होते.

या वेळी ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवत होते. मिशनऱ्यांच्या या महाविद्यालयाला आपल्या प्राध्यापकाचे हे उद्योग मानवणे शक्य नव्हते. संततिनियमनाचा प्रचार थांबवा किंवा नोकरी सोडा, असे दोनच पर्याय त्यांच्यासमोर उरले. १९२५ मध्ये कर्वे यांनी नोकरी सोडली. त्यानंतर त्यांना स्थिर उत्पन्न असे कधी मिळाले नाही. संततिनियमनाच्या साधनांची विक्री, पुस्तके आणि मालतीबाईंची साथ यांवर संसार चालला.

‘समाजस्वास्थ्य’ची २६ वर्षे

जुलै १९२७ मध्ये कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. लैंगिक आरोग्य, संततिनियमन, गुप्तरोग, विवाहसंस्था आणि बुद्धिप्रामाण्यवाद हे त्याचे विषय होते. मजकूर मिळवणे, मुद्रिते तपासणे, पत्रव्यवहार सांभाळणे, अंक पोस्टात टाकणे, हा सारा भार मुख्यतः त्यांनीच वाहिला. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे. ते पाहूनच अनेकांनी आतल्या मजकुराविषयी मत बनवले. आत मात्र शृंगारापेक्षा शरीरशास्त्र अधिक होते. भाषा कोरडी, रोखठोक आणि आकडेमोडीसारखी सरळ होती.

या मासिकाचे मोठे बळ वाचकांच्या पत्रांत होते. घरात विचारता येत नाही, डॉक्टरकडे जाण्याचे धैर्य होत नाही, असे प्रश्न माणसे कर्वे यांना लिहून विचारत आणि त्यांची उत्तरे छापून येत. प्रश्नकर्त्याला नीतीचे धडे न देता माहिती देणे, हा त्या उत्तरांचा विशेष होता. आजच्या भाषेत याला समुपदेशन म्हणता येईल. त्या काळी त्याला अश्लीलता म्हटले गेले.

‘समाजस्वास्थ्य’ सुरू झाले, त्या वर्षी उपदंशाचा उपचार कसा होता, हे पाहिले म्हणजे प्रतिबंधाविषयी कर्वे इतके आग्रही का होते, ते कळते. साल्वर्सनची आणि त्याच्या सुधारित रूपांची इंजेक्शने शिरेतून, अनेक महिने, ठरावीक अंतराने घ्यावी लागत. जोडीला पारा किंवा बिस्मथ असे. औषध विषारी होते आणि उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. मेंदूपर्यंत पोहोचलेल्या उपदंशावर तर रुग्णाला मुद्दाम हिवतापाची लागण करून, त्याच्या तापाने जंतू मारण्याचा उपाय केला जाई. या उपायाबद्दल ऑस्ट्रियातील युलिउस वाग्नर-याउरेग यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एक रोग घालवण्यासाठी दुसरा रोग पत्करायचा, अशी वैद्यकशास्त्राची अवस्था होती. अशा वेळी रोग होऊच नये म्हणून चार शब्द उघडपणे सांगणे, हे कर्वे यांना साधे शहाणपण वाटत होते.

कोर्टाची पायरी

समाजाला हे शहाणपण पचले नाही. १९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. या खटल्यामागे पुण्यातील सनातनी मंडळी होती. ज्या शहरात कर्वे शिकले, वाढले आणि मॅट्रिकला पहिले आले, त्याच शहरातून त्यांच्याविरुद्ध तक्रार व्हावी, हा दैवदुर्विलासच होता. त्यांना १०० रुपये दंड झाला. अपील फेटाळले गेले.

१९३४ मध्ये त्यांना दुसऱ्यांदा कोर्टात उभे राहावे लागले. या वेळचा आक्षेप थेट वाचकांच्या प्रश्नोत्तरांवर होता. कर्वे यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. गोलमेज परिषदा गाजवून आलेल्या, देशाच्या राजकारणात अग्रभागी असलेल्या नेत्याने एका बदनाम मासिकाच्या बाजूने उभे राहण्यात राजकीय लाभ कोणताच नव्हता. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही. लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना ज्ञान मिळाले पाहिजे, असा आंबेडकर यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. न्यायालयाला तो पटला नाही. कर्वे यांना २०० रुपये दंड झाला.

दंडाची रक्कम आज क्षुल्लक वाटते. नोकरी नसलेल्या, तोट्यातील मासिक चालवणाऱ्या माणसाला ती तशी नव्हती. मात्र या शिक्षेचा खरा परिणाम पैशांपुरता मर्यादित नव्हता. आजाराविषयी विचारलेला प्रश्न आणि त्याला दिलेले उत्तर हाच गुन्हा ठरला, तर प्रश्न विचारणारा पुन्हा गप्प होतो. चट्टा लपवणाऱ्या रुग्णाला या निकालाने लपवण्याचे आणखी एक कारण दिले.

कर्वे गप्प बसले नाहीत. १९३४ मध्येच त्यांचे ‘आधुनिक कामशास्त्र’ आले आणि १९४० मध्ये ‘वेश्याव्यवसाय’. या दुसऱ्या पुस्तकाच्या नावातच त्यांची दृष्टी दिसते. समाज ज्याला केवळ पाप म्हणत होता, त्याचा विचार ते व्यवसाय म्हणून करत होते. रोगाची साखळी तोडायची तर त्या व्यवसायातील स्त्रियांना दोष देऊन भागणार नाही, हा विचार आजच्या सार्वजनिक आरोग्याच्या कार्यक्रमांचा पाया आहे.

कर्वे यांच्या मर्यादाही होत्या. एखादी गोष्ट तर्काला पटली, की ती समाजालाही पटली पाहिजे, असा त्यांचा हट्ट असे. माणसांना सांभाळून घेण्याची कला त्यांना अवगत नव्हती. लेखणीला धार होती, ओलावा कमी होता. वडिलांनी समाजाशी झुंजतानाही समाजाकडून देणग्या मिळवल्या, संस्था वाढवल्या आणि पुढे भारतरत्न होण्याइतका आदर संपादन केला. मुलाला संस्था उभारता आली नाही. त्यांच्या मागे उरले ते छापलेले शब्द.

औषध आले, पण

कर्वे यांच्या हयातीतच वैद्यकशास्त्राने बाजी मारली. १९४३ मध्ये अमेरिकेत जॉन महोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदंशाच्या चार रुग्णांना पेनिसिलिन दिले आणि जंतू झपाट्याने नाहीसे झाले. महिनोन्‌महिने चालणारे सोमलाचे उपचार इतिहासजमा होण्याचा मार्ग खुला झाला. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम राष्ट्रीय पातळीवर हाती घेतला. ज्या कामासाठी कर्वे यांची नोकरी गेली, ते काम सरकारचे धोरण झाले.

१९४४ मध्ये मालतीबाईंचे निधन झाले. त्यानंतरही कर्वे यांनी एकाकीपणे मासिक चालू ठेवले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक त्याच वर्षीच्या नोव्हेंबरचा. २६ वर्षे अखंड चाललेला हा उद्योग त्याच्या कर्त्याबरोबरच संपला.

पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. उपदंशाला मारणारे औषध आता पुण्याच्या वेशीवर तयार होत होते. तरीही रोग संपला नाही, कारण औषध कारखान्यात तयार होते, पण ते घेण्यासाठी रुग्णाने दवाखान्याची पायरी चढावी लागते. त्या पायरीवरची लाज पेनिसिलिनने जात नव्हती. कर्वे यांनी हाती घेतलेले काम तेथेच अपुरे राहिले होते.

त्याची किंमत किती मोठी असू शकते, हे १९९० च्या दशकात पुण्यानेच पाहिले. एड्सच्या संशोधनासाठी १९९२ मध्ये भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. ‘नारी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या संस्थेचे नाव आता बदलले आहे. तेथील शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या साह्याने पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्री-पुरुषांचा अभ्यास केला. जननेंद्रियावर व्रण असलेल्यांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका अधिक असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. व्रण म्हणजे त्वचेच्या भिंतीला पडलेले खिंडार. त्यातून विषाणूला वाट मिळते. आपली पत्नी वगळता कोणाशीही संबंध नसलेल्या पुरुषाची आणि आपल्या पतीवाचून दुसरा पुरुष माहीत नसलेल्या स्त्रीची सुरक्षितताही जोडीदाराच्या आरोग्यावर अवलंबून असते, ही कर्वे यांच्या काळातील गोष्ट तेव्हा नव्या, भयंकर रूपात समोर आली.

व्रण काय सांगतो

आज जननेंद्रियावर उठणाऱ्या व्रणाचे निदान आणि उपचार कर्वे यांच्या काळाच्या तुलनेत कितीतरी सोपे झाले आहेत. उपदंशाचा व्रण साधारणपणे संसर्गानंतर तीन आठवड्यांनी दिसतो. तो नऊ दिवसांतही उठू शकतो किंवा तीन महिनेही घेऊ शकतो. बहुधा तो एकच, कडक कडांचा आणि न दुखणारा असतो. उपचार न करताही तो तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो. तेथेच फसगत होते. रुग्णाला बरे झाल्यासारखे वाटते. जंतू मात्र रक्तात गेलेला असतो. काही आठवड्यांनी तळहात, तळपाय आणि अंगावर पुरळ उठते, तेही जाते, आणि पुढे अनेक वर्षांनी हृदय, मेंदू किंवा मज्जातंतूंवर घाला पडू शकतो.

मृदू व्रण याच्या उलट असतो. तो काही दिवसांतच उठतो, अतिशय दुखतो, त्यातून सहज रक्त येते आणि जांघेत बद येऊ शकते. हर्पिसमध्ये बारीक पाणीदार फोडांचा पुंजका येतो, आग होते, फोड फुटून जखमा होतात आणि बरे झाल्यावरही त्रास पुन्हापुन्हा उद्भवतो. मृदू व्रण आणि डोनोव्हॅनोसिस आता विरळ झाले असून हर्पिस आणि उपदंश हीच व्रणांची मुख्य कारणे आहेत. मात्र नुसत्या नजरेने केलेले निदान चुकू शकते. एकाच रुग्णाला दोन संसर्गही असू शकतात. स्त्रियांत व्रण आतल्या बाजूला असल्यास तो लक्षातही येत नाही. म्हणूनच अशा प्रत्येक रुग्णाची उपदंशासाठी आणि एचआयव्हीसाठी रक्ततपासणी करतात. संसर्ग अगदी नवा असेल तर रक्ततपासणीत तो दिसत नाही, त्यामुळे ती काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते.

प्रत्येक ठिकाणी प्रयोगशाळा नसते, हे ध्यानात घेऊन राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने सरकारी दवाखान्यांसाठी लक्षणांवर आधारित उपचारपद्धती ठरवली आणि रंगीत पाकिटांत औषधे उपलब्ध केली. हर्पिसखेरीज अन्य व्रणांसाठीच्या पांढऱ्या पाकिटात २४ लाख युनिट बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन आणि अझिथ्रोमायसिनची एक ग्रॅमची मात्रा असते. पेनिसिलिनची अॅलर्जी असणाऱ्यांसाठी निळे पाकीट आहे. हर्पिससाठीच्या लाल पाकिटात असायक्लोव्हिरच्या गोळ्या असतात. हर्पिसचा विषाणू शरीरातून पूर्णपणे जात नाही, पण औषधाने त्रास कमी होतो. सुरुवातीच्या उपदंशाला मात्र एका वेळचे इंजेक्शन बहुधा पुरते. कर्वे यांच्या तरुणपणी ज्या रोगाने घरे उद्ध्वस्त होत, तो आज एका भेटीत आटोक्यात येऊ शकतो.

अट एवढीच, की ती भेट व्हायला हवी. औषधाच्या दुकानातून परस्पर मलम आणून लावणे, व्रण भरला म्हणून स्वस्थ बसणे, जोडीदाराला न सांगणे, या चुका आजही होतात. जोडीदारावर उपचार झाला नाही तर रोग पुन्हा त्याच घरात फिरत राहतो. गर्भवतीला उपदंश असल्यास गर्भपात, मृत बाळाचा जन्म किंवा बाळाला जन्मजात उपदंश होण्याचा धोका असतो; गरोदरपणात वेळेवर केलेली रक्ततपासणी आणि पेनिसिलिन हे सारे टाळू शकतात. निरोधने धोका बराच कमी होतो. मात्र त्याने न झाकलेल्या भागावर व्रण असेल तर संरक्षण अपुरे पडते.

अमोल पालेकर यांच्या २००१ मधील ‘ध्यासपर्व’ या चित्रपटाने आणि पुढे अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ या नाटकाने कर्वे नव्या पिढीपर्यंत पोहोचले. य. दि. फडके यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांचे चरित्र लिहिले. काळाच्या पुढे असलेला माणूस, असे त्यांचे वर्णन आता सर्रास केले जाते. या गौरवात एक सोय आहे. ते पुढे होते असे म्हटले, की आपण आता त्यांच्यापर्यंत पोहोचलो आहोत, असा समज करून घेता येतो. सरकारी दवाखान्यांतील या उपचारकेंद्रांना आज ‘सुरक्षा क्लिनिक’ असे नाव आहे. तेथे तपासणी होते, औषध मिळते आणि रुग्णाची माहिती गोपनीय राखली जाते. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे; लाज ही त्याच्यावर लादलेली शिक्षा आहे. या दोहोंतला फरक समजावून सांगण्यासाठी कर्वे यांनी आयुष्य वेचले. अंगावरचा व्रण डॉक्टरला दाखवायला एखादा रुग्ण जेव्हा पहिल्याच आठवड्यात येतो, तेव्हा ते काम थोडेसे पुढे सरकते.